जरा सांभाळून!

आम्हा नागपूरकरांच्या उन्हाळ्याचे दोन भाग असतात. एक कूलर लावण्यापूर्वीचा आणि दुसरा कूलर लावल्यानंतरचा. पहिल्या भागात माणसं एकमेकांशी बोलतात, दुसऱ्या भागात कूलरच्या आवाजावर मात करण्यासाठी ओरडतात. २३ मे २०१३ रोजी आमच्या गावाने ४७.९ अंशांपर्यंत मजल मारली होती. अशा गावात कूलर ही चैनीची वस्तू नसते, कुटुंबातली एक व्यक्तीच असते म्हणाना. फरक इतकाच की बाकीची मंडळी घरात राहतात आणि ही व्यक्ती खिडकीबाहेर लटकते. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते. त्याला घरात घेतलं तर तो खोलीचं कोकण करून टाकतो.

तर दरवर्षी होळी आटोपली की सारं नागपूर वर चढू लागतं. सक्करदऱ्यात आमच्या घराजवळ बुधवारी बाजार भरतो. त्या बाजारातून मान वर करून बघत आलं तर प्रत्येक गल्लीत निदान एक माणूस हवेत दिसतो. कोणी खिडकीच्या गजाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने गवताची चौकट बसवतोय, कोणी स्टुलावर ठेवलेल्या ड्रमवर उभा, कोणी शेजाऱ्याच्या गच्चीवरून आपल्या खिडकीत पाय टाकतोय. आमचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर. खिडकीखाली बाहेरच्या अंगाला दीड फूट रुंदीचा सज्जा काढलेला आहे. जमिनीपासून बरोबर चार मीटर. मी स्वतः टेप लावून मोजला आहे (का मोजला, ते पुढे येईलच). या सज्ज्यावर आमचा कूलरवाला अनवाणी उभा राहतो आणि पत्र्याचा तो अगडबंब कूलर, लेकीची पाठवणी करावी तितक्या मायेने, खिडकीला लावतो.

हा कूलरवाला पंचविशीतला पोरगा. घरी आला की मला 'काकाजी' म्हणतो, बँकेत आला की 'सायेब'. त्याचं खातं आमच्याच शाखेत आहे.

तो वर चढला की खाली माणसं जमतात. या मंडळींचा मी बरीच वर्षं अभ्यास केलेला आहे. एक जण नुसतं बघतो. एक जण कूलर कुठून घेतला, कितीला घेतला आणि कसा फसवलो गेलो, ते मला सांगतो. खालच्या मजल्यावरचे काकाजी 'थोडा डावीकडे, अजून डावीकडे' असं मार्गदर्शन करतात. त्यांचा डावा हात आणि कूलरवाल्याचा डावा हात यांची दिशा उलट आहे, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही. आणि या सगळ्यांच्या तोंडून दर अर्ध्या मिनिटाला एकच मंत्र निघतो, "जरा सांभाळून रे!"

उंचीवर काम करण्याचं आपल्याकडचं सगळं प्रशिक्षण या दोन शब्दांत आटोपतं. ते देणारा जमिनीवर असतो आणि घेणारा वर. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. चार मीटरवरून माणूस खाली यायला एक सेकंदसुद्धा पुरा लागत नाही आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे 'सांभाळून' यातलं 'सांभा' आपल्या तोंडातून बाहेर पडेस्तोवर काम झालेलं असतं. 'ळून' उरतं ते जमलेल्या मंडळींसाठी.

आता गंमत बघा. शिडी कशी चढावी, हे सबंध हिंदुस्थानला जे गाव शिकवतं, ते गाव आमचंच. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूरला निघालं आणि दुसऱ्याच वर्षी नागपुरात आलं. देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे शिकून गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीसुद्धा नागपुरातच आहे. गावाच्या एका टोकाला चढण्याचं शास्त्र आणि दुसऱ्या टोकाला ड्रमवर स्टूल! मध्ये सिटी बस धावते, पण शास्त्र काही त्या बसमध्ये बसून सक्करदऱ्याला आलं नाही.

मला त्या शास्त्राचं ओझरतं दर्शन घडलं ते बँकेच्या कृपेने. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत बोटीचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. एका वर्षी आमच्या शाखेतही तो पाळला. दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. मॅनेजरसाहेबांनी लाल नळकांडं हातात धरून फोटो काढून घेतला, चहा झाला, मंडळी पांगली. मी मात्र त्यांना कोपऱ्यात गाठून शिडीचं विचारलं. डोक्यात आमचा सज्जा होता.

गृहस्थ खुलले. म्हणाले, "शिडी चढायला मी पाच मिनिटांत शिकवतो. बाकीचे दिवस उतरायला शिकवण्यात जातात." मग त्यांनी काउंटरवरच्या स्लिपांच्या मागे चित्रं काढून दाखवली. शिडी भिंतीला टेकते ती उंची चार हात, तर तिचा पाय भिंतीपासून एक हात लांब. यापेक्षा उभी ठेवली तर माणूस मागे उलटतो, जास्त आडवी ठेवली तर पायच सरकतो. तोंड कायम शिडीकडे. दोन पाय आणि दोन हात या चारांतले तीन नेहमी टेकलेले. हातात सामान घ्यायचं नाही, ते मागाहून दोरीने ओढून घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे खाली एक माणूस हवाच, शिडीच्या पायावर पाय रोवून, दोन्ही हातांनी शिडी धरून. "तो वर बघत गप्पा मारत बसला तर?" मी विचारलं. "तर त्याला आम्ही मैदानाला चकरा मारायला लावायचो," गृहस्थ म्हणाले. आमच्या खालच्या काकाजींनी मैदानाला किती चकरा माराव्या लागल्या असत्या, याचा मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला.

"आणि शेवटचा धडा 'नाही' म्हणायचा," ते म्हणाले. "शिडी ओली आहे, वारा आहे, डोकं गरगरतंय, तर आज नाही चढणार. हा धडा द्यायला सगळ्यात जास्त दिवस लागतात."

आमच्या कूलरवाल्याने नवतपात 'नाही' म्हणून बघावं! पंचवीस मे ते दोन जून या दिवसांत त्याचा फोन मंत्र्याच्या फोनसारखा वाजत असतो.

तसं उंचीचं शिक्षण आपल्या महाराष्ट्रात अगदीच नाही असं नाही. मुंबई-ठाण्याची गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेपासूनच सरावाला लागतात. कोण कुठल्या थरात, कोणाचा खांदा कोणासाठी, मनोरा रचायचा कसा आणि (हे फार महत्त्वाचं) उतरवायचा कसा, याची रोज रात्री तालीम होते. २०१२ साली एका पथकाने नऊ थर लावून त्रेचाळीस फुटांच्या वर मजल मारली आणि जागतिक विक्रमांच्या पुस्तकात जाऊन बसलं. पुढे प्रकरण कोर्टात गेलं. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने वीस फुटांची मर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली, चौदा वर्षांखालच्या पोरांना मात्र मनाई झाली आणि हेल्मेट, दोर, खाली गाद्या यांची हमी सरकारने घेतली. २०२२ मध्ये तर दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जाच मिळाला. मला याबद्दल आदर आहे. पण वर्षातून एक दिवस दह्यासाठी चढणाऱ्याची काळजी सगळ्यांनी वाहावी, आणि तीन महिने रोज आठ वेळा आमच्या गारव्यासाठी चढणाऱ्याच्या वाट्याला नुसतं 'सांभाळून' यावं, हा हिशेब माझ्यासारख्या बी. कॉम. माणसाला काही केल्या जुळवता येत नाही. ताळेबंदात कुठेतरी चूक आहे.

म्हणून मी कायदा काढून वाचला. बँकेतल्या माणसाला परिपत्रकं वाचायची सवय असते, कायदा त्यामानाने सोपा जातो. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता. त्यात सुरक्षेची कलमं भरपूर, पण तो लागू व्हायचा दहा किंवा त्याहून जास्त मजूर असतील तिथे. पुढे हा आणि इतर बरेच कायदे २०२० च्या एका संहितेत गोळा केले, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि दहाचा आकडा तिथेही येऊन बसला आहे. आमचा कूलरवाला एकटा. आता त्याच्यासारखे दहा जण एकदम आमच्या सज्ज्यावर चढवले तर कायदा लागू होण्याची थोडी आशा करता येईल, पण तोवर सज्जा राहणार नाही.

बँकेत आम्ही तिजोरी कधी एका माणसाला उघडू देत नाही. दोन किल्ल्या, दोन माणसं, दोन सह्या. शंभराची नोट फाटली तरी तिची नोंद होते. आणि माणूस मात्र एकटा, एका हातावर!

हे सारं मी इतकं मनावर का घेतलं, तर या पोराच्या उस्तादामुळे. उस्ताद म्हणजे ज्याच्या हाताखाली तो हे काम शिकला ते चाचा. दहाएक वर्षं आमचा कूलर तेच लावत. एका मे महिन्यात दुसरीकडच्या एका घरी ते पहिल्याच मजल्यावरून खाली आले. घरमालकाने शिडी दिली होती, तिच्या खालच्या पायरीला सुतळी गुंडाळलेली. पायांवर पडले म्हणून जीव वाचला, पण दोन्ही टाचांच्या हाडांचा चुरा झाला आणि पाठीच्या मणक्याला मार बसला. मेडिकलच्या वॉर्डात मी भेटायला गेलो होतो. तिथे कूलर होता. चाचा त्याच्याकडे बघून म्हणाले, "पॅड उलटं बसवलंय सायेब. पानी बाहेर चाललं सारं." त्यानंतर ते शिडीवर चढले नाहीत. आता दुकानात पाटावर बसून चौकटीत गवत भरतात आणि उठताना दोन्ही हातांनी भिंत धरतात. ज्या घरी पडले त्या मालकाने औषधाला पाचशे रुपये दिले. कूलर मात्र दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याकडून लावून घेतला. उकडत होतं ना!

तेव्हा यंदा मी इतवारीच्या लोहाओळीत जाऊन चांगला अंगभर बांधायचा पट्टा घेऊन आलो. खांद्यावरून, मांड्यांखालून जाणारा. नुसता कमरेचा नको, असं त्या निवृत्त गृहस्थांनी बजावलं होतं. माणूस पडला की कमरेचा पट्टा त्याला मध्येच दुमडतो. पट्ट्याला कूलरच्या एका नव्या मोटरीच्या आसपास पैसे पडले. मुलाने आधी घालून बघितला आणि घरभर उड्या मारल्या. कूलरवाल्याने घातला तेव्हा तो मंगळावर निघाल्यासारखा दिसत होता. गल्लीतून टाळ्या पडल्या. मग त्याने पट्ट्यामागची दोरी हातात धरली आणि मला एक प्रश्न विचारला.

"हे बांधू कशाले, काकाजी?"

खरंच, कशाला? अमेरिकेचा नियम म्हणतो की दोरी जिथे अडकवायची ती जागा माणशी पाच हजार पौंड, म्हणजे सव्वादोन हजार किलोंच्या वर, ताण सोसणारी हवी. आमच्या घरात असं काय आहे? हिने लोखंडी कपाट सुचवलं. मी दिवाण सुचवला. खालच्या काकाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बहात्तर किलो आहे. मोठ्या भावाने बसवलेले खिडकीचे गज बरे वाटले, पण मग मी टेप काढला आणि सोबतच्या पुस्तिकेप्रमाणे बेरीज केली. दोरी दोन मीटर. झटका शोषणारी घडी उलगडली की पावणेदोन. पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत माणूस दीड. वर सावधगिरी म्हणून एक. एकूण सव्वासहा मीटर. आणि गजांची खालची पट्टी जमिनीपासून पाच मीटरवर. म्हणजे पट्टा पोराला वाचवणार होता यात शंका नाही, पण हिशेबाप्रमाणे तो सव्वा मीटर जमिनीखाली सुरक्षित थांबणार होता. खात्यात शिल्लक नसताना चेक काढावा, त्यातला प्रकार.

उपाय होता. दोरी इतकी आखूड बांधायची की माणूस सज्ज्याच्या कडेपर्यंत पोचूच नये. पण दीड फुटाच्या सज्ज्यावर कडेपर्यंत न पोचता कूलर बसवणं म्हणजे पोहायला जाऊन न भिजणं.

या खलात तासभर गेल्यावर ही म्हणाली, "अहो, पण त्याला बाहेर जायची गरजच काय? मागच्या गॅलरीत ठेवा ना कूलर. गॅलरीला कठडा आहे. दारातून वारा आत येईल. त्याला तिथे उभं राहून गवत बदलता येईल."

मी तिला सांगितलं की हे इतकं सोपं नसतं, यामागे शास्त्र आहे. मग रात्री ते शास्त्र उघडलं. इंग्लंडने २००५ साली उंचीवरच्या कामाचे नियम केले, त्यात पायऱ्या घालून दिल्या आहेत. पहिली पायरी, शक्य असेल तर उंचीवर काम करूच नका. दुसरी, करावंच लागलं तर माणूस पडणार नाही अशी सोय करा. तिसरी, तेही जमलं नाही तर पडल्यावर कमीत कमी लागेल असं बघा. म्हणजे ब्रिटिशांच्या नियमांतली पहिली पायरी आमच्या स्वयंपाकघरात तयार होती आणि मी लोहाओळीतून तिसरी घेऊन आलो होतो. मी तिला यातलं काही सांगितलं नाही. तिला आधीच फार माहीत असतं.

कूलर आता गॅलरीत आहे. गारवा पूर्वीपेक्षा थोडा कमी, आवाज थोडा जास्त. कूलरवाला नाराज आहे. "मजा नाही राहिली जी," म्हणतो. पट्टा मी त्यालाच देऊन टाकला. त्याने तो दुकानात खुंटीला लावून ठेवलाय. चाचा गिऱ्हाइकांना दाखवतात.

मागच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो बँकेत आला. पासबुक काउंटरवर ठेवून एका ओळीवर बोट ठेवलं.

"सायेब, हे वीस रुपये कशाचे कापले?"

"अपघात विम्याचे. पंतप्रधान सुरक्षा विमा. पूर्वी बारा होते, १ जून २०२२ पासून वीस झाले. वर्षातून एकदा कापतात."

"पण अपघात त झालाच नाही!"

"झाला असता तर दोन लाख मिळाले असते."

"कोणाले?"

"तुझ्या घरच्यांना."

त्याने जरा विचार केला. "म्हणजे मले काहीच नाही?"

"एका हाताचा किंवा एका पायाचा वापर कायमचा गेला तर एक लाख. तुलाच."

"चाचाले काहून नाही मिळाले मंग?"

मी सांगितलं की चाचांनी विमा घेतला नव्हता. आणि घेतला असता तरी त्यांचा पाय गेला नाही, राहिला. नियमात पायाचा वापर कायमचा 'गेला' पाहिजे असं लिहिलेलं आहे. अर्धवट बिघडून राहिलेल्या पायाचा रकाना नाही.

"म्हणजे नीट पडलं पाहिजे," तो म्हणाला.

मागे रांग वाढत होती. मी वारसाचा कागद पुढे केला, कारण त्याच्या खात्यात तो रकाना कोराच होता. त्याने आईचं नाव लिहिलं. मी वय विचारलं. "लिवा पन्नास," म्हणाला, मग म्हणाला, "थांबा जी, विचारून सांगतो." खिशातून फोन काढतो तो फोनच वाजला. पलीकडून कोणीतरी उकाड्याने कावलेलं गिऱ्हाईक होतं, आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"हो जी, येऊन राहिलो, दहा मिनिटात... हो, दुसरा मजला, समजलं... शिडी आहे ना तुमच्याकडे? ओली-गिली त नाही?... अन् एक माणूस ठेवा खाली... नाही जी, बोलणारा नाही. बोलणारा नको. धरणारा पाहिजे."

आणि आईचं वय तसंच सोडून, पासबुक काउंटरवरच ठेवून, तो बाहेरच्या उन्हात पळाला.